खिशाची वाकळ

अकोळ, ता. निपाणी
३ फेब्रुवारी २०२५

सौ. रचना कोलकार यांस,
नमस्कार.

आपली ओळख नाही. मी तुमच्या आरोहीला ओळखते. समोर कधी पाहिलेलं नाही, फोनवरूनच. ती वाकळ, म्हणजे गोधडी, शिवतानाचे व्हिडिओ टाकते, तिथं ओळख झाली. तिची आजी वारली तेव्हा आजीच्या हातातली वाकळ कडेनं शिवत शिवत आत आली होती, मधलं हातभर राहिलं होतं. ते कसं बुजवायचं असं तिनं व्हिडिओत विचारलं होतं. मी सांगितलं. मागच्या पावसाळ्यापासून आमचं बोलणं चालू आहे.

तुमचा पत्ता तिनं दिलेला नाही, तिला रागवू नका. एका व्हिडिओत ती फाटकावर वाकळ वाळत घालते आहे. मागं पाटी दिसते : अॅड. दीपंकर मायाप्पा कोलकार, टिळकवाडी. तेवढ्यावर पोस्टमन पत्र पोचवेल असं धरलं आहे. मला पाटी दिसली तशी दुसऱ्या कुणालाही दिसेल. म्हणून हे आधी लिहिलं.

मागच्या आठवड्यापासून माझे मेसेज तिला जात नाहीत. तुम्ही बंद केले असतील तर तो तुमचा अधिकार आहे. पण एक सांगायचं राहिलं. पूर्णिमा नावाची पुण्याची कॉलेजातली मुलगी आरोहीशी बोलते. सोळा तारखेला, रविवारी, कोल्हापुरात वाकळींचं प्रदर्शन आहे, आरोहीनं एकटीनं एसटीनं यावं, स्टँडवर आपण घ्यायला येऊ, असं तिनं ठरवलं आहे. त्या पूर्णिमानं स्वतः शिवलेल्या म्हणून ज्या वाकळींचे फोटो लावले आहेत त्यातली एक माझी आहे. माझ्या परसातल्या दोरीवर आहे. प्रदर्शनाचीही मी चौकशी केली. कोल्हापुरात कुणाला माहीत नाही.

आरोहीला पाठवू नका.

फोन नंबर शोधला असता तर मिळाला असता. पण अनोळखी फोन माणूस कापतो. कागद निदान शेवटपर्यंत वाचतो.

अक्काताई चौगुले


टिळकवाडी, बेळगाव
७ फेब्रुवारी

'आक्का' यांस,

पत्र मिळालं. मी आणि आरोहीचे बाबा, दोघांनी वाचलं.

तुमचे आरोहीला आलेले सगळे मेसेज मी वाचले आहेत. 'आत्ताच दळून आलो.' 'उद्या फोटो टाकतो.' 'थांब, मी जेवून येतो.' आणि पत्रात मात्र 'मी तुमच्या आरोहीला ओळखते'. बाईचं सोंग पत्रात आठवलं, मेसेजमध्ये विसरलं, एवढाच याचा अर्थ मला लागतो. खात्यावरचं नावसुद्धा नुसतं 'आक्का'. आक्का म्हणवून घ्यायला काही लागत नाही.

मी नाशिकची. इथली बोली मला अजून सगळी कळत नाही. म्हणून ते मेसेज मी आरोहीच्या बाबांना दाखवले. ते इथलेच. त्यांनी वाचले आणि म्हणाले, 'हा पुरुष आहे.'

हे माझ्या लक्षात आणून दिलं ते पूर्णिमानं. तुम्ही एक दिवस तिच्यावर फोटो चोरल्याचा आळ घ्याल, हेही तिनं आधीच लिहिलं होतं. तसंच झालं. ती मुलगी मला लिहिते ते मी रोज वाचते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक नसते. वसतिगृहात फोनवर बोलायला बंदी आहे, म्हणून ती लिहितेच.

आरोही तुमची बाजू घेते. ती चौदा वर्षांची आहे. गेले काही महिने ती घरात 'मी जेवतो', 'मी झोपतो' म्हणायला लागली आहे. ते कुठून आलं हे मला आता कळलं.

ती कुठे जाणार, कुणाबरोबर, हा तुमचा विषय नाही. पुन्हा पत्र आलं तर ते पोलिसांत जाईल. आरोहीचे बाबा वकील आहेत हे तुम्ही पाटीवर वाचलंच आहे.

रचना कोलकार


अकोळ
१२ फेब्रुवारी

रचना मॅडम,

पोस्टानं हे वेळेत पोचायचं न्हाय. म्हणून महादेवअण्णांच्या हाती देतो. ते आमच्या गल्लीतले, बेळगावच्या गाडीवर कंडक्टर हैत. सोबत एक बोचकं हाय. भिऊ नका, वाकळ हाय.

पयलं पत्र मी शाळेत शिकवलं तसं लिहिलतं. हे मी बोलतो तसं लिहितो. आमच्याकडं बायका अशाच बोलत्यात. मी येतो, मी जातो, मी भाकरी करतो. माझी आई तशी बोलायची, सासू तशी बोलती. शाळेत गुरुजी 'येते' लिहा म्हणायचे. आम्ही लिहायचो, आणि घंटा झाली की 'जातो गुरुजी' म्हणून पळायचो. निपाणीच्या कॉलेजात मी मराठी घेऊन बीए झालो, पेपरात सगळीकडं 'जाते' लिहिलं. मेसेज म्हणजे मला बोलणंच वाटतं, तिथं कोण पेपर तपासतंय. वकीलसाहेबांना इचारा, त्यांची आई काय म्हणायची.

नावाचं सांगतो. आक्का हे मी लावून घेतलेलं न्हाय. माझं नावच अक्काताई. आजा बी मला आक्काच म्हणायचा, त्याला मी काय करू.

आता वाकळ उघडा. पूर्णिमाच्या खात्यावर दोरीवरच्या वाकळीचा फोटो असंल, तो काढून शेजारी धरा. एका कोपऱ्याला खाकी तुकडा हाय, त्याला खिसा तसाच ठेवलाय. माझे मालक तुमच्या बेळगावजवळ मच्छ्याला कारखान्यात हैत, आठवड्यानं घरी येत्यात. त्यांचा जुना शर्ट तो. खिसा उसवायला जीव झाला न्हाय. फोटोत खिसा दिसला तर पूर्णिमाला इचारा, हा कुणाचा.

खिशात माझा नंबर घातलाय. फोन लावा. आवाज बाप्याचा निघाला तर पोलिसांत जावा, माझं काही म्हणणं न्हाय.

पोरीला रविवारी पाठवू नका एवढंच.

अक्काताई


टिळकवाडी
२ मार्च

अक्काताई यांस,

बोचकं त्याच दिवशी मिळालं. उत्तराला उशीर झाला. मधे बरंच घडलं.

वाकळ मी पलंगावर पसरली आणि फोन शेजारी ठेवला. खिसा तोच होता. त्याची एक बाजू थोडी उसवली आहे, तीही तशीच. आरोही दारात उभी होती. 'मी सांगितलेलं,' म्हणाली आणि आत गेली.

तुमच्या नंबरवर फोन आरोहीच्या बाबांनी लावला. ते काही बोलले नाहीत. तुम्ही म्हणालात, 'थांबा हं, आत रेंज न्हाय, मी भायेर येतो.' मग चपलांचा आवाज आला, दार वाजलं. ते ऐकत राहिले. तुम्ही दोनदा कोण बोलतंय विचारलंत, तेव्हा त्यांनी ठेवून दिला. त्या वागण्याबद्दल मी त्यांच्या वतीनं माफी मागते.

नंतर ते खिडकीशी गेले. मग म्हणाले, 'आई अशीच बोलायची.'

मी विचारलं, मग मेसेज वाचताना कसं कळलं नाही?

'ऐकलं होतं गं जन्मभर. लिहिलेलं कधी बघितलं नव्हतं.'

आरोहीच्या तोंडी 'मी जेवतो' तुमच्याकडून आलेलं नाही, असंही ते म्हणाले. ती आजीजवळ वाढली. आजी होत्या तेव्हा मी तिला टोकायची, तिनं घरात सोडून दिलं होतं. तुमच्याशी बोलताना ते परत आलं असावं.

त्या संध्याकाळी मी पूर्णिमाला लिहिलं की रविवारी मीही सोबत येते, त्याआधी आपण एकदा समोरासमोर बोलू, फोनवर चेहरा दिसेल असं. 'नक्की ताई, बोलते' असं उत्तर आलं. त्यातही चूक नव्हती. सकाळी ते खातं नव्हतं. आम्ही तक्रार दिली. तपासासाठी आरोहीचा फोन पोलिसांनी ठेवून घेतला आहे. ते खातं कोण चालवत होतं हे अजून कळलेलं नाही. बाई होती की पुरुष, यावर मी आता काही बोलत नाही.

हे सगळं तुमच्यामुळे टळलं. आभार मानायला पत्र लिहायला बसले होते. पण एक प्रश्न आहे, आणि तो विचारल्याशिवाय आभार पुरे होणार नाहीत. तुम्ही बाई आहात हे कळलं, तरी तो संपत नाही. तुम्ही मोठ्या आहात. माझ्या मुलीशी इतके महिने बोलत होतात. तिच्या आईचा नंबर तुम्ही एकदाही मागितला नाहीत. का?

रचना


अकोळ
१० मार्च

रचना मॅडम,

तुमचा प्रश्न बरोबर हाय. उत्तर द्यायला सात-आठ कागद फाडले.

आमच्याकडं नाव इचारायच्या आधी नातं लावत्यात. गाडीत शेजारी बसलेल्या बाईला आपण मावशी म्हणतो आणि मगच सरकून बसा म्हणतो. आरोहीनं पहिल्याच मेसेजला 'आक्का, जयभीम' लिहिलं. मी तिला बाळ म्हणालो. एकदा बाळ म्हटल्यावर तिची आई कोण, तिला हे ठाऊक हाय का, हे इचारायचं राहूनच गेलं. पूर्णिमानं बी तेच केलं असणार. ती तुम्हाला पहिल्यापासून ताई म्हणत होती, व्हय न्हवं?

आणखी एक हाय. ते पहिल्या दोन्ही पत्रांत मी लपवलं.

संक्रांतीच्या सुमाराला पूर्णिमानं आरोहीकडं तिचे स्वतःचे फोटो मागितले. वाकळीचे न्हवं. पोरीनं एक पाठवला, शाळेच्या ड्रेसातला, साधाच. मग आणखी मागायला लागली तेव्हा ती भ्याली आणि मला इचारलं. मी म्हणालो, पाठवू नको. हे बरोबर सांगितलं. ती म्हणाली, आईला सांगू का? त्यावर मी म्हणालो, आत्ता नको. आई फोन काढून घेईल, तुझी वाकळ अर्धीच राहील. प्रदर्शन होऊ दे, मग सांग. तवर प्रदर्शन खोटं हाय हे मला कळलं न्हवतं. हे मेसेज, पूर्णिमाचे बी, पोरीनं पुसले असणार, म्हणून तुम्हाला दिसले न्हाईत.

हे मी तिच्यासाठी सांगितलं असं मला वाटत होतं. लिहायला बसल्यावर कळलं, तेवढंच न्हाय. मला मूल न्हाय. मालक शनिवारी येत्यात, सोमवारी जात्यात. आठवडाभर घरात सासू आणि मी. सासूला ऐकू येत न्हाय. संध्याकाळी आरोहीचा मेसेज यायचा, 'आक्का, आज कुठवर आला धावदोरा?' तिचा फोन गेला असता तर ते बी गेलं असतं.

तिनं त्याच दिवशी तुम्हाला सांगितलं असतं तर पूर्णिमा तिथंच संपली असती. माझी गरज लागली नसती, आणि वाकळीची बी न्हाय.

तुम्हाला जे वाटंल ते वाटू दे. मी लिहिलं.

अक्काताई


टिळकवाडी
२० एप्रिल

अक्काताई,

तुमचं पत्र मी आरोहीला दाखवलं नाही. उत्तरही लिहिलं नाही. राग आला होता. तुम्ही तिला 'आईला सांगू नको' म्हणालात याचा आला, आणि कारण म्हणून जे सांगितलंत त्याचा जास्त आला. कारण ते खरं होतं. मी फोन काढून घेतला असता. दुसरं काही केलं नसतं.

मधल्या काळात परीक्षा झाली. पोलिसांकडून फोन परत मिळाला. तो कपाटात ठेवला. आरोहीनं मागितला नाही. मला वाटलं, सवय सुटली. मग लक्षात आलं की ती वाकळही शिवत नाही. ती घडी घालून पलंगाखाली ढकललेली होती. शाळेतून येते, शाळेत काय झालं विचारलं की सगळं ठीक म्हणते. पान वाढलं की 'मी जेवते' म्हणते.

'जेवते' म्हणते. हेच मला हवं होतं.

मागच्या आठवड्यात फोन तिच्यासमोर ठेवला आणि घे म्हटलं. तिनं हात लावला नाही. म्हणाली, 'तू वाचणार असशील तर नको. आणि वाचणार नसशील तर मला भीती वाटते.'

मी कॉलेजात शिकवते. पालकांच्या सभेत मुलांनी फोन कसा वापरावा यावर दोनदा बोलले आहे. तिच्या या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. तिला तसंच सांगितलं. तेव्हा ती जरा वेळ माझ्याजवळ बसली आणि त्या फोटोचं स्वतःहून सांगितलं. तुम्ही लिहिलंत तसंच होतं. मला आधीच माहीत आहे हे मी बोलले नाही. नंतर तुमचं पत्र तिला वाचायला दिलं. तिनं ते सावकाश वाचलं. मला वाटलं होतं रागावेल. ती म्हणाली, 'म्हणजे आक्कांना पण माझी वाट बघायला लागायची.'

सुट्टी लागली आहे. तिला तुम्हाला समोर बघायचं आहे आणि आजीच्या वाकळीचं मधलं तुमच्याजवळ बसून बुजवायचं आहे. मीही येईन. शिवायला मला येत नाही, नुसती बसेन. तुमची खिशाची वाकळ परत करायची आहे.

माझं एकच म्हणणं आहे. तिनं तुम्हाला काही सांगितलं आणि मला सांगायचं नसलं, तर तुम्ही 'आईला सांग' म्हणा. तिनं नाही सांगितलं तर मी थांबेन, तुम्हाला विचारणार नाही. पण 'सांगू नको' हे तुमच्याकडून पुन्हा नको.

हे जमत असेल तर कळवा.

रचना


अकोळ
२६ एप्रिल

रचना मॅडम,

जमतं.

शनिवारी सकाळी या. मालक दुपारनं येत्यात, त्यांच्या आधी आलात तर माडीवरची जागा तुम्हाला धरता येईल. नंतर ते तिथं पेपर घेऊन बसले की उठत न्हाईत. महादेवअण्णांची गाडी धरा, ते फाट्यावर उतरवतील. तिथनं चालत या, घर कुणी बी दाखवंल. सासूबाईंशी मोठ्यानं बोलावं लागंल. त्यांनी आत्ताच दोनदा इचारलं, कोण येणार. मी सांगितलं, बेळगावची माणसं. त्या म्हणाल्या, चादरी धुऊन टाक.

तिखट किती चालतं ते लिहा.

वर 'वहिनी' लिहिणार होतो, मग हात थांबला. आधी इचारतो. वहिनी म्हणू का?

अक्काताई


टिळकवाडी
२ मे

आक्का, जयभीम.

आई म्हणाली, या पत्राचं उत्तर तू लिही. म्हणून मी लिहिते आहे. ती नंतर वाचणार आहे, मीच वाच म्हटलंय.

वहिनी चालेल, असं आई म्हणाली. पण मॅडम बंद करा म्हणाली. तिखट मला चालतं. आईला चालत नाही, पण ती तुमच्याकडे तसं सांगणार नाही, पाणी पीत बसेल. बाबा फाट्यापर्यंत सोडायला येतो म्हणत होते, आता आतपर्यंत येतो म्हणतात. त्यांना तुमच्याशी काही बोलायचं नाही, तुम्ही बोला, मी ऐकतो असं म्हणाले.

फोन आता टीव्हीजवळ असतो. खातं मी बंद केलेलं नाही. फाटकाचा व्हिडिओ काढून टाकला. कुणी नवीन बोलायला आलं की मी आईला दाखवते. तुमचं-माझं दाखवणार नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं. मग स्वयंपाकघरात जाऊन जरा भांडी आपटली.

वर्गातल्या दोघींना पूर्णिमाबद्दल सांगितलं. एकीच्या फोनवर तसलंच कुणीतरी होतं, दुसरं नाव, पण तसंच गोड बोलणारं. मी म्हटलं, आईला सांग. तिनं अजून सांगितलं नाही. मी परत विचारणार आहे.

खिशाची वाकळ धुऊन वाळवली आहे. खिशाची बाजू उसवली होती तिथं मी टाका घातला. तुम्हाला न विचारता घातला, नको असेल तर काढून टाकते. हे पत्र पोस्टात टाकणार आहे, पण पोचायच्या आत आम्हीच पोचलो तर, म्हणून दुसरं एक लिहून त्या खिशात ठेवणार आहे. त्यात हेच असेल.

आजीच्या वाकळीचं मधलं बुजवताना मी व्हिडिओ काढणार नाही. काढावासा वाटला तर आधी तुम्हाला विचारेन.

शनिवारी सकाळच्या गाडीनं मी येतो.

ता. क. आईनं पत्र वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, 'येते' कर. मी खोडायला पेन उघडलं. मग तीच म्हणाली, 'राहू दे. तसंच टाक.'

आरोही